पाठीला सांगितलेलं

मला शाळेत घातल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी मावशीला बोलावून घेतलं आणि हळहळत सांगितलं की तुमची मुलगी मुकी आहे. नुसतं तोंड हलवते, आवाज फुटत नाही. मावशीनं बाईंच्या ओठांवरून ते वाचलं आणि खो खो हसली. "मुकी कसली! घरी बोलते तशीच बोलतेय ती," असं म्हणून तिनं मला पुढं ओढलं आणि खुणेनं सांगितलं, बाहेर आवाज लावायचा. तोवर मला खरंच माहीत नव्हतं की बोलायला आवाज लागतो.

मावशी कापडाच्या गिरणीत मागावर होती. पोरसवदा वयात लागली ती गिरणीला टाळं लागेपर्यंत. मागांच्या शेडमध्ये इतका आवाज असायचा की कानाशी तोंड नेऊन किंचाळलं तरी पत्ता लागायचा नाही. म्हणून तिथल्या बाया ओरडायच्या भानगडीतच पडत नसत. तोंड मोठं करून, ओठ नीट वळवून, आवाज न काढता बोलायच्या, आणि शेडच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईशी आरामात सासूची उणीदुणी काढायची. पुढं मावशीचे कान कायमचेच गेले. बोलणं तेवढं राहिलं, तेही घरात तरी बिनआवाजाचं.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्यात आम्ही दोघी. आम्ही गप्पा मारायचो, भांडायचो, हसून हसून लोळायचो, पण बाहेर ऐकू जायची ती फक्त भांडी. खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायच्या. त्यांनी मला मोठेपणी कबुली दिली, की वर कुणीतरी सतत वावरतंय पण बोलत कुणीच नाही, याची त्यांना कित्येक वर्षं भीती वाटायची. जिन्यातून वर यायला त्या कधी धजल्या नाहीत.

भिंतीला कान असतात म्हणतात. मावशीला कान नव्हते, तरी तिच्यापासून काही लपायचं नाही. बसस्टॉपवर उभी राहून ती रस्त्यापलीकडच्या नवरा-बायकोचं भांडण वाचायची आणि मला धावतं समालोचन द्यायची. "आता तो आईवर गेला. आता ही बघ कशी सुटते." मी लाजेनं अर्धी व्हायचे. डॉक्टर तिच्याबद्दल नर्सच्या कानात काय पुटपुटले, ते ती काचेच्या दाराआडून वाचून बाहेर यायची आणि मलाच सांगायची. अशा बाईच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला खोटं बोलायची चैन परवडत नाही.

पण ती रुसली की संपलं. शेडमध्ये रुसव्याची एकच पद्धत होती, पाठ फिरवायची. ऐकू येतच नसे, त्यामुळं पाठ फिरवली की दार लावल्यासारखं व्हायचं. समोरची काय वाटेल ते बोलो, ते पाठीला सांगितलेलं. आणि पाठीला सांगितलेलं तिसरीनं वाचलं तरी कुणाला सांगायचं नाही, असा त्या बायकांचा दंडक होता. मावशी माझ्यावर रागावली की पाठ फिरवायची. मी तिच्या पुढं जायला गोल पळायचे, की ती जागच्या जागी फिरायची. शेवटी मला घेरी येऊन मी खाली बसले की तिचा राग जायचा. मला तो खेळ वाटायचा.

माझी आई मावशीची धाकटी बहीण. तीही त्याच शेडमध्ये, मावशीच्या शेजारच्या मागावर. मी रांगत होते तेव्हा ती मागाच्या पट्ट्यात सापडून गेली. वडील त्याआधीच परागंदा झालेले. घरात आईचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा कसा होता असं विचारलं की मावशी माझ्या हनुवटीला हात लावायची आणि म्हणायची, "ही एवढी तिची. बाकी कुणाची ते देवाला ठाऊक." त्या दिवसाबद्दल विचारलं तर एवढंच, की कामात होती, झालं. आणि मग स्वयंपाकाला लागायची.

गिरणीची इमारत बरीच वर्षं ओस पडून होती. तेवढ्यात माझं लग्न झालं, लेकी मोठ्या झाल्या, मावशी माझ्याजवळच राहिली. मग तिथं संग्रहालय झालं. गिरण्या, कामगार, त्यांची घरं, हत्यारं, संप, सगळ्याचं. आम्ही काही गेलो नाही. "जिथं जन्म घासला तिथं तिकीट काढून जाऊ होय?" असं मावशीचं म्हणणं. मग एक दिवस जुन्या जॉबरची बायको घरी आली. जॉबर म्हणजे मागांवरचा मुकादम, तो आता हयात नाही. ती नातवंडांना घेऊन संग्रहालय बघून आली होती. चहाचा कप हातात तसाच धरून ती मावशीच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "अगं, धाकटी आहे तिथं. भिंतीवर. हलते, बोलते."

मावशीनं तिला पुन्हा सांगायला लावलं. मग कप उचलले, विसळले, पालथे घातले. त्यानंतरचे काही दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. पाठही फिरवली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहायची. मला ते पाठ फिरवण्यापेक्षा वाईट वाटलं.

शेवटी एका दुपारी पलंगावर बसून तिनं सांगितलं. गिरणीत सिनेमा काढायला एक कॅमेरेवाला एकदाच आला होता, मालकाच्या कसल्याशा सोहळ्यासाठी. तो आला त्याच दिवशी संध्याकाळी आई गेली.

"सकाळी आम्ही भांडलो होतो," मावशी म्हणाली. "माझ्या नव्या चपला ती न विचारता घालून आली. पट्टी तोडली एकाची. चपलेपायी, बघ. मी दिवसभर पाठ दिली तिला. दुपारी ती माझ्या पाठीला काहीतरी सांगत होती. बराच वेळ."

"काय?"

"ते मला कुठं माहीत? पाठच होती ना." तिनं बोटं मोडली. "बाकीच्यांनी वाचलं असणार. कुणी सांगितलं नाही. दंडकच तसा. मी एकीच्या पाया पडले होते, तरी नाही. आणि आता ती भिंतीवर तेच सांगतेय. मरायच्या आधी मला ते कळायला पाहिजे."

तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्यात तर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाचे ओठ तिला दिसायचे. भिंतीवरचे दिसले नसते.

"तू वाच," ती म्हणाली. "ती म्हणते तेवढंच सांग. पदरचं काही घालू नकोस."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. मला आई दिसणार होती.

आम्ही आडवारी गेलो, गर्दी नको म्हणून. जिथं कापसाच्या गाठी उतरायच्या तिथं आता तिकिटाची खिडकी होती. तेलाचा वास जाऊन फरशी पुसायच्या औषधाचा वास आला होता. पहिल्या दालनात काचेच्या कपाटांत कामगारांचे जेवणाचे डबे, हजेरीचं घड्याळ, चष्मे, कुणाचीतरी कुबडी. प्रत्येक वस्तूवर वरून दिवा सोडलेला, त्यामुळं त्या वस्तू कुणाची तरी वाट बघत बसल्यासारख्या दिसत होत्या. दोरीच्या पलीकडे कामगाराची खोली उभी केली होती. पलंग, शेगडी, दांडीवर सदरा, आणि शेगडीपाशी वाकलेली प्लास्टरची बाई. मावशी दोरीपाशी थांबली. बाईच्या तोंडाकडे बराच वेळ बघून म्हणाली, "हिला गप्प का बसवलंय?"

पुढं मागांची शेड. चार माग ठेवलेत, बाकी भंगारात गेले. त्यांच्यापाशी पुन्हा प्लास्टरच्या बाया, हात सुतावर, तोंडं मिटलेली. आम्ही आत शिरलो तेव्हा तिथल्या माणसानं लोकांना दाखवायला एक माग चालू केला. एकाच मागाचा तो आवाज, पण माझ्या छातीत धडधडलं. मावशीला काही ऐकू येत नव्हतं, पण फरशीतून तळपायांना कळलं असावं. ती एकदम ताठ झाली. तिचं वाकलेपण गेलं. आणि तिचं तोंड सुरू झालं.

ती माझ्याशी बोलत नव्हती. शेडच्या त्या टोकाला बघून बोलत होती. "आले गं, आले, उशीर झाला, काय करू." मग हात वर करून कुणालातरी थांब म्हणाली, थोडं थांबली, आणि कुणी काही उत्तर दिल्यासारखी हसली. मी वळून पाहिलं. तिथं पांढरी भिंत होती आणि आग विझवायचं लाल नळकांडं होतं.

"मावशी, कुणाशी बोलतेस?" मी तिचा दंड धरला. माणसानं माग बंद केला. मावशी पुन्हा वाकली आणि काहीच न झाल्यासारखी पुढं चालू लागली.

सिनेमाची खोली शेवटी होती, जिना चढून वर. दाराबाहेर खुर्ची टाकून एक रखवालदार बसला होता. म्हातारा, भला माणूस. म्हणाला, "आत अंधार आहे, जपून." आणि मग आपण होऊनच बोलला, "माझी खुर्ची आत असते खरं तर. पण ती बाई दिवसभर माझ्याशीच बोलते असं वाटायला लागलं. काहीतरी मागते आणि मी देत नाही, असं. म्हणून बाहेर बसतो."

आत एका भिंतीवर माणसापेक्षा मोठी, टीव्हीसारखी काच होती आणि काचेत शेड. करडी, थरथरती, आवाज नसलेली. पट्टे फिरत होते, सूत घेऊन धोटे इकडून तिकडे पळत होते. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं, 'कामाच्या तालावर गाणारी कामगार स्त्री'.

काचेच्या डाव्या अंगाला एक रुंद पाठ तिरकी दिसत होती, वेणी आवळून बांधलेली. ती पाठ मी कुठंही ओळखली असती. पाठीच्या पुढं जॉबरची काचेची खोली. आणि पाठीच्या मागं, तोंड अर्धं आमच्याकडे वळवून, एक मुलगी.

मुलगीच. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. हनुवटी माझी. मी तिच्या दुप्पट वयाची बाई तिथं उभी राहून रडायला लागले, आणि पहिल्या खेपेला मला तिचा एक शब्द वाचता आला नाही. काच काळी झाली. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं, पट्टे, धोटे, पाठ, आई.

"काय म्हणते?" मावशीनं माझी बाही ओढली. तिला नुसतं करडं धुकं दिसत होतं. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते.

दुसऱ्या खेपेला मी वाचलं. वाचायला काहीच अवघड नव्हतं. आई आमच्या घरच्यासारखंच बोलत होती, स्वच्छ, ओठ नीट वळवून.

"ताई. पट्टा सुटतोय. दांडा धर जरा." मग वाट पाहिली. "ताई, एकटीला नाही जमत. जॉबर त्या पाहुण्यांच्या मागं आहे." पुन्हा थांबली. मग हसली, लाडीगोडी लावल्यासारखी. "चपला नव्या घेऊन देते बाई. नंतर हवी तेवढी पाठ दे. आत्ता वळ. वळ ना." मग खांदे उडवले आणि ती मागाकडे वळली. काच काळी झाली.

दांडा म्हणजे माग थांबवायची मूठ. एकीनं तो दाबून धरायचा आणि दुसरीनं काठीनं पट्टा जागेवर सरकवायचा, हे मला लहानपणापासून ऐकून ठाऊक होतं. एकटीनं करायचं काम नाही ते. संध्याकाळी तिनं एकटीनं केलं.

मावशी बघत होती. म्हातारी, आंधळी व्हायला आलेली, मला न्हाऊमाखू घालून माणसात आणणारी बाई. तिला हे सांगून काय होणार होतं? मेलेली बाई उठून येणार होती का? मी ठरवलं. तिच्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "म्हणते, ताई, पुरे झालं आता. घरी जाऊन बोलू."

"परत सांग."

"घरी जाऊन बोलू, म्हणते. हसतेय."

मावशीनं हात वर आणला आणि बोटं माझ्या ओठांवर ठेवली, मी पुढं बोलू नये म्हणून. तिच्या बोटांना साबणाचा वास येत होता. मग ती म्हणाली, "दांडा धर, असं नाही म्हणाली?"

मी तिची बोटं ओठांवरून बाजूला केली.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"माझ्या पुढ्यात काच होती. जॉबरची खोली." ती सावकाश बोलत होती, एकेक ओठ वळवून, मला एकही शब्द चुकू नये म्हणून. "त्यात ती दिसत होती. दांडा धर म्हणाली. वळ म्हणाली. मी मनात म्हटलं, रड आता, चपला घालताना ताई आठवली नव्हती. नाही वळले."

"मावशी."

"नंतर मी मनाला समजावलं की काचेत उलटं दिसतं. ती दुसरंच काहीतरी म्हणत असेल. शिव्या देत असेल. इतकी वर्षं मी देवाकडे एवढंच मागितलं, की तिनं मला शिव्या दिल्या असू देत. तेवढंच विचारायला आले होते." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तू खोटं बोललीस तेव्हाच कळलं. तुझे ओठ लहानपणापासून खोटं बोलताना आखडतात."

मला राग आला असं म्हणणं फार थोडं होईल. जिच्या कुशीत मी वाढले, जिनं माझ्या तापात रात्री काढल्या, जिच्यावाचून लहानपणी मला जगात कुणी नव्हतं, तिच्यामुळंच मला कुणी नव्हतं. एका तुटक्या पट्टीच्या चपलेसाठी. आणि इतकी वर्षं ती मला जेवायला वाढत होती. माझ्या लहानपणी मी तिच्याभोवती गोल पळायचे आणि ती जागच्या जागी फिरायची, तेव्हा तिला काय दिसत असेल? मी पाठ फिरवली.

त्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचलंच नसतं.

आता माझ्या मागं मावशी होती आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. ती बोलत असेल तर बिनआवाज बोलत असेल, आणि ते सगळं माझ्या पाठीला. मला वाटलं, बोल किती बोलायचं ते. बोल जन्मभर.

समोर काच काळी होती. तिच्यात दाराचा उजेड पडला होता, त्या उजेडात माझं डोकं, आणि माझ्या खांद्यामागं मावशीचं तोंड. ते हलत होतं. मी डोळे मिटायला हवे होते. मिटले नाहीत. मावशी म्हणत होती, "शिव्या दे. मार मला. पण तोंड माझ्याकडे करून दे. अशी नको."

मग सिनेमा पुन्हा लागला. काचेत करडा उजेड आला, पण मावशी त्यातून गेली नाही, फिकट होऊन तिथंच राहिली. पट्टे तिच्या कपाळावरून फिरायला लागले. आई आली आणि बरोबर तिच्या शेजारी उभी राहिली, एक पोर आणि एक म्हातारी, खांद्याला खांदा लावून, दोघी माझ्याकडे तोंड करून. दोघींची तोंडं चालली होती. मी एकीचं वाचायचा प्रयत्न केला, मग दुसरीचं. हळूहळू ती एकत्र आली. आई म्हणाली, "वळ." मावशी म्हणाली, "वळ." दोघींचे ओठ एकदमच मिटले, एकदमच उघडले. "वळ ना."

माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. मावशी माझ्यापासून दोन हात लांब होती, काचेत मला ती दिसत होती.

मी वळले.

मावशीचे हात खाली लोंबत होते, मारायला उभं केलेल्या पोरासारखे. मी तिला शिव्या दिल्या. येत होत्या तेवढ्या सगळ्या दिल्या, तिनंच बसस्टॉपवर शिकवलेल्यासुद्धा. ओठ मोठे करून, नीट वळवून, तिला एकही सुटू नये अशा. आवाज काढला नाही. रखवालदार दारात येऊन उभा राहिला आणि आम्हा दोघींकडे आणि आमच्यामागच्या काचेकडे बघून परत बाहेर गेला. मी किती वेळ बोलत होते मला माहीत नाही. आई माझ्या पाठीमागं तेच तेच सांगत राहिली असणार.

मावशीनं एकदाही नजर खाली केली नाही. सगळं वाचलं. माझं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "अजून?"

"आज एवढंच," मी म्हटलं, आणि तिला जिना दिसत नव्हता म्हणून तिचा हात धरला.